श्रीधररावांचं ‘सगळं सरी’

के. आर. पुरमच्या बाजारात श्रीधररावांचं उदबत्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला वास कळावा म्हणून गल्ल्यापाशी दिवसभर एक तरी काडी जळत असते, आणि तिच्यामागे त्यांची बायको सुनंदाबाई दम्याने धापा टाकत बसलेल्या असतात. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. येता-जाता त्यांच्या छातीतली शिट्टी कानावर आली की मला श्रीधररावांची किळस येते.

सुनंदाबाई तशा फटकळ. वास आवडला नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या नाकाचा डॉक्टर सुचवतात. पण नवरा बोलू लागला की गप्प. त्या घराची रीतच तशी.

गेल्या वर्षी त्या एका औषधाच्या चाचणीत सामील झाल्या. दम्याच्या नव्या पंपाने खरंच फरक पडतो का, हे देशभरातली बरीच इस्पितळं मिळून तपासत होती. एकाच गावातल्या रुग्णांवरून असं काही ठरत नाही, म्हणून सगळीकडची उत्तरं एकत्र करायची. इथल्या इस्पितळातली शिल्पाश्री दर आठवड्याला फोन करून विचारायची, दम लागला का? नंबर अर्थातच नवऱ्याचा. बायकोचा नंबर परक्याला देत नाहीत म्हणे!

फोन आला की श्रीधरराव गोड आवाजात सांगायचे, “सगळं सरी आहे, अम्मा. स्वल्प खोकला, बस.” सरी म्हणजे कानडीत ठीक. शेजारीच सुनंदाबाई पंप ओढत असायच्या. मी एकदा विचारलंच, “काका, खोटं कशाला सांगता?”

“डॉक्टर एवढं करतात, त्यांना वाईट वाटेल असं का बोलायचं?”

शिसारी आली मला त्या सभ्यपणाची. असल्या उत्तरांवर विसंबून उद्या नागपूरच्या नाहीतर कोलकात्याच्या कुणा बाईला औषध लिहून दिलं जाणार होतं.

परवा शिल्पाश्री हटूनच बसली. “अण्णा, अक्कांनाच फोन द्या.” दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यामुळे श्रीधररावांना नाही म्हणता येईना.

सुनंदाबाईंनी फोन घेतला. “लिहून घे गं. रोज दम लागतो मला. ह्यांनी सांगितलं ते सगळं खोटं. दिवसभर उदबत्तीच्या धुरात बसते, तेही लिही.” एवढं बोलताना त्यांना मध्येच थांबावं लागलं. शिल्पाश्रीने त्यांना लगेच तपासायला बोलावलं.

श्रीधररावांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काडी विझवेल. त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाठ केली, बायकोच्या कानाशी वाकले आणि विचारलं, “दुकानाचं नाव नाही ना सांगितलंस?”