डेस्कटॉपवर उतरवलेलं लग्न

"उतरून राहिले का फोटो?" इरफानभाईंनी पुन्हा विचारलं.

"उतरून राहिले. तुमी बसा निवांत," मी म्हणालो. मी स्वतः मात्र निवांत नव्हतो. त्यांच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क टिकटिक करत होती. डिस्क टिकटिक करायला लागली की तिचे दिवस भरले असं समजायचं.

अकोल्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इरफानभाई अकोटचे, लग्नाचे फोटो काढतात. तिकडच्या झेंडू पिकवणाऱ्या देविदासभाऊंच्या मुलीच्या, रोशनीच्या लग्नाचे फोटो त्यांनी नुकतेच काढले होते. फोटो लॅपटॉपमध्ये घेतले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्याच कार्डावर पुढच्या लग्नाचे काढले. मग लॅपटॉप सुरूच होईना. रोशनीच्या लग्नाचे फोटो आता जगात फक्त त्या टिकटिकणाऱ्या डिस्कवर होते.

अशा वेळी आम्ही लाइव्ह पेन ड्राइव्ह वापरतो. म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सची अख्खी सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालवायची. आजारी डिस्कला कामाला लावायचं नाही, तिच्यातला माल तेवढा काढून घ्यायचा. ही सिस्टीम इंटरनेटवरून एका मोठ्या फाइलच्या रूपात मिळते, तिला इमेज म्हणतात. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. एका खास प्रोग्रामने 'लिहावी' लागते, तेव्हा कुठे मशीन तिच्यावरून सुरू होतं. मी इरफानभाईंसमोरच इमेज लिहिली आणि लिहिताना भरपूर शायनिंग मारली. "दुसरा कोनी असता तं सरळ डिस्क बदला म्हनला असता. आपलं पाहा आता."

फोटो दिसले. पण ठेवायचे कुठे? दुकानातली बाहेरची डिस्क दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात अडकलेली. थांबण्यात धोका होता, या डिस्कबाईनं कधीही मान टाकली असती. मी फोल्डर उचललं आणि समोर दिसणाऱ्या डेस्कटॉपवर टाकलं. म्हटलं, मागून हलवू. सगळे उतरले. दोन-चार उघडून पाहिले, उघडत होते.

इरफानभाईंनी तिथूनच देविदासभाऊंना फोन लावला. "काका, मिळाले फोटो! रोशनीले सांगा, आता रडू नको म्हना."

पुढचं मी काळजीपोटी केलं, म्हणून जास्त लाज वाटते. लॅपटॉपमधला कुठलाही पार्ट काढायचा तर आधी मशीन बंद, ही माझी पहिल्यापासूनची सवय. मरायला टेकलेली डिस्क आता काढून ठेवावी, म्हणून मी लॅपटॉप व्यवस्थित शटडाउन केला. डिस्क काढली. तोवर बाहेरची डिस्क मोकळी झाली होती, ती जोडली. पेन ड्राइव्हवरून मशीन पुन्हा सुरू केलं.

डेस्कटॉप कोरा.

लाइव्ह सिस्टीमचा डेस्कटॉप कुठल्याच डिस्कवर नसतो. तो रॅममध्ये असतो, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत. मशीन बंद झालं की सगळं साफ. पेन ड्राइव्ह बनवताना वेगळी सोय केली तरच काही टिकतं, आणि मी ती केली नव्हती. हे सगळं मी लोकांना शिकवतो हो! घाईघाईनं जुनी डिस्क परत बसवली. आता तिनं टिकटिकही केली नाही.

"काय झालं?" इरफानभाई उठून आले.

"ते नुसते दिसून राहिले होते, इरफानभाई. उतरले नव्हते. डिस्कच गेली मधातून."

किती सराईतपणे बोललो! आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोपं असतं, गिऱ्हाईक काही तपासायला येत नाही. त्यांनी मान हलवली. "नसीब," म्हणाले आणि पुन्हा फोन लावला.

"काका, माफ करा. नाई मिळाले फोटो. नाई नाई, दुकानवाल्यायची काई गलती नाई, त्यायनं लय कोशिश केली. गलती माही. म्या दुसरी कॉपीच नाई ठेवली."

पलीकडून देविदासभाऊंचा आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू येत होता. इरफानभाई "हो काका, हो काका" करत ऐकून घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "फोटो उतरले होते. म्या मशीन बंद केलं, त्यात गेले. मंग तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी काउंटरवरची मोटारसायकलची चावी उचलली. मग म्हणाले, "मले काहून सांगता? चला अकोटले. काकाले सांगा."

त्या डिस्कचं काय झालं तेही सांगून टाकतो. पुढे मी ती नागपूरला एका तज्ज्ञाकडे पाठवली. आतल्या तबकड्या घासल्या गेल्या होत्या. एकही फोटो निघाला नाही.

त्या दिवशी इरफानभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून अकोटला गेलो. देविदासभाऊ अंगणात फुलं क्रेटमध्ये भरत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजे हा मानूस मगाशी माह्या शिव्या खाऊन राहिला होता," ते म्हणाले, "अन् तुमी बाजूले बसून ऐकून राहिले होते?"

"हो."

ते पुन्हा फुलं भरायला लागले. रोशनी माहेरी आली होती. ती पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थांबली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मंग ते फोटो शेवटी तुमीच पायले?" तिनं विचारलं.

"हो, बाई."

"तं सांगा ना, कसे आले होते? मी कशी दिसून राहिली होती?"

मी आठवायला गेलो. फाइल उघडते का, धड आहे का, एवढंच माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा शालू लाल होता की हिरवा, तेही आठवेना. 'लय चांगले आले होते' हे शब्द अगदी ओठांवर आले. गिळले.

"म्या पायलेच नाईत, बाई. फायली पायल्या नुसत्या."

"बरं," ती म्हणाली, आणि पाणी माझ्या हातात देऊन आत गेली.

पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून आम्ही तिला अल्बम करून दिला. इरफानभाई आता लॅपटॉप दुसऱ्या दुकानात दाखवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी मात्र वाचवलेलं सगळं बाहेरच्या डिस्कवर गेल्याशिवाय आणि ती डिस्क वेगळ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय शटडाउनला हात लावत नाही. उघडलेल्या फोटोंतली माणसंही बघतो. एखाद्यानं विचारलं तर सांगता आलं पाहिजे.