टेबल कुठे ठेवू

वहिनी चिडली की बोलत नाही, माउस आपटते. त्या महिन्यात आमच्या घरात माउसचा आवाज फार येत होता.

तिचं काम असं, की अजून न झालेल्या घरांची चित्रं करायची. आर्किटेक्ट नकाशा पाठवतो. ती कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करते, लाकडाला रेषा देते, फरशीवर खिडकीचं प्रतिबिंब पाडते, आणि बघणारा म्हणतो, हा तर फोटो आहे. जुन्या घराचं नवं करायला निघालेली माणसं असं चित्र बघूनच भिंती फोडायला तयार होतात. मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, दोन स्क्रीन, आणि खाली एक जड खोका, जो एकेक चित्र तयार करताना तासन्‌तास घुरघुरायचा आणि तापायचा. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "कॉम्प्युटरच काढतो हो सगळं, ही नुसती बसून असते." दार उघडंच असायचं. वहिनीला ऐकू जायचं.

मग बाबांनी आमचंच घर नवं करायचं मनावर घेतलं. दादाच्या मित्राने नकाशा केला आणि एका रविवारी तो जेवणाच्या टेबलावर पसरला गेला. मागच्या खोलीच्या चौकोनात सुबक अक्षरांत लिहिलं होतं, पाहुण्यांची खोली.

"आणि मी कुठे बसायचं?" वहिनीने विचारलं.

"अगं, कुठेही बस की. लॅपटॉप मांडीवर घेतला की झालं," दादा म्हणाला.

"माझ्याकडे लॅपटॉप नाहीये."

दादाने मान वर करून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन बायको कशावर काम करते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

"ते बघू नंतर," बाबा म्हणाले. "आधी तू चित्रं कर बघू छानपैकी. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं?"

घरचं माणूस. ज्या घरातून तिला पुसलं होतं, ते घर खरंखुरं दिसेल असं तिनेच करून द्यायचं होतं, आणि छानपैकी. मला वाटलं, ती सरळ नाही म्हणेल. तिने नकाशाची गुंडाळी केली आणि आत गेली.

या चित्रांचा एक अलिखित नियम असतो. त्यांतल्या घरात वायरी नसतात. केराचा डबा नसतो. टीपॉयवर एक पुस्तक उघडं पडलेलं असतं, वाडग्यात पिवळी लिंबं असतात, आणि माणूस दाखवलाच तर पाठमोरा, पुसट. गिऱ्हाइकांना तसंच लागतं, म्हणून वहिनी तसंच करायची.

पुढच्या रविवारी तिने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. आम्ही सगळे सोफ्यावर बसलो. पडद्यावर नवा दिवाणखाना उजळला. रुंद खिडकी, राखाडी भिंत, फरशीवर तिरकं ऊन. आई "अगंबाई" म्हणाली आणि मग पुढे वाकून बघू लागली. खिडकीत दादाचं हेल्मेट होतं. टीपॉयवर बाबांच्या गोळ्यांचा डबा, खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, आईचा गुडघ्याला बांधायचा पट्टा. आणि नव्या सोफ्याच्या बरोब्बर समोर, सगळ्या उन्हात, वहिनीचं टेबल. दोन स्क्रीन, खोका, वायरींचा गुंता. एकही वायर तिने सोडली नव्हती.

"हा काय पसारा?" बाबा म्हणाले.

"आपला."

"अगं, चार लोकांना दाखवायचंय हे. ते टेबल काढ तिथून."

"काढते. कुठे ठेवू?"

तिने माउस हातात घेतला. टीव्हीवरचं टेबल अलगद उचललं गेलं, भिंतीतून पार झालं आणि आईबाबांच्या खोलीत उतरलं.

"इथे?"

"छे, त्या घरघरीत यांना झोप येईल का?" आई म्हणाली.

टेबल दादा-वहिनीच्या खोलीत गेलं. दादा लगेच म्हणाला, "कपाटाचं दार उघडणार नाही." स्वयंपाकघरात आईने वाफेचं कारण दिलं. जिन्याखाली बाबांचे बूट होते, ते हलवायचे नव्हते. ती प्रत्येक ठिकाणी टेबल ठेवायची, थांबायची आणि त्याच आवाजात विचारायची, "इथे?" कोणीही वाईट बोलत नव्हतं. प्रत्येकाकडे कारण तयार होतं.

"माझ्या खोलीत ठेव," मी म्हणाले.

वहिनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "तुझ्या खोलीवर काय लिहिलंय, वाचलंस?"

तिने नकाशा मोठा केला. माझ्या खोलीत लिहिलं होतं, कपड्यांची खोली. माझं लग्न अजून ठरायचं होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

टेबल शेवटी मागच्या खोलीत येऊन थांबलं. पलंग, उश्या, पाहुण्यांसाठी फुलदाणी. वहिनीने पलंग उचलला आणि पुसून टाकला.

"बरं, राहू दे सध्या तिथेच," बाबा म्हणाले. "पुढे बघू."

तिने कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं होतं, तिला थोडं तरी हायसं वाटेल. तिने माउस आपटला.

काम सुरू झालं त्या सकाळी दादा मागच्या खोलीत मिस्त्रींना सांगत होता, "टेबलाचं काय, ते सरकवता येतं. या भिंतीला पलंग बसेल ना?" वहिनी दारात उभी होती. दादाने तिला बघितलं आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ओट्याचा जाड दगड आणलाय ना, त्यातला उरेल का?"

"उरेल की. स्वयंपाकघरात अजून कट्टा हवाय का, वहिनी?"

"इथे हवाय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खाली विटांचे खांब, दगड दोन्हीकडे भिंतीत घुसलेला. वर माझे स्क्रीन बसतील."

"भिंतीत घातला की परत हलणार नाही हां. नंतर म्हणाल, फोडा."

"मी म्हणणार नाही. आणि दुसरं कोणी म्हणालं, तर मला विचारायचं."

मिस्त्रींनी टेप काढला. एक टोक वहिनीने धरलं, दुसरं घेऊन ते समोरच्या भिंतीकडे गेले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "तिथे काय चाललंय?" वहिनी टेप घट्ट ताणून उभी होती, आणि मिस्त्री पेन्सिलीने भिंतीवर खूण करत होते.

मी माझ्या खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं. मग उघडलं, आणि मिस्त्रींना हाक मारली, "टेप घेऊन इकडेही या."