पिशवी उघड

"पिशवी उघड."

वॉचमन आईला असं म्हणाला तेव्हा मी तिच्या बाजूला उभी होते. वय दहा. कल्याणमधलं मोठं कॉम्प्लेक्स. आई तिथे तीन घरी धुणीभांडी करायची. शाळेला सुट्टी म्हणून मी तिच्यासोबत गेलेले.

त्या कॉम्प्लेक्सचा एक नियम होता. कामवाल्या बाईने बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवायची. घरातल्या मॅडमने काही दिलं असेल तर मॅडमच्या सहीची चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसेल तर वस्तू चोरीची.

मॅडमनी मला त्यांच्या मुलीचा जुना फ्रॉक दिलेला. चिठ्ठी द्यायला विसरल्या. वॉचमनने इंटरकॉम लावला. कोणी उचलला नाही. मॅडम दुपारच्या झोपलेल्या. सेक्रेटरी खाली आले. म्हणाले, "तुम्हा लोकांना एकदा सूट दिली की संपलं." आम्ही उन्हात उभ्या. सोसायटीतली मुलं सायकली घेऊन बघायला जमली. बराच वेळ गेला. मग आईने पिशवी सरळ उलटी केली. डबा पडला. कंगवा पडला. फ्रॉक पडला. डब्याचं झाकण गडगडत गेटबाहेर गेलं.

"बघा साहेब, नीट बघा. अजून काय राह्यलंय?"

मुलं हसली. ते हसू माझ्या कानातून आजपर्यंत गेलेलं नाही.

आणि मी काय केलं? मी ते विकलं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.कॉम. वडील कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेले, तरी त्यांनी मोहने गावातल्या आमच्या चाळीत दारोदार पेढे वाटले. कॉलेजपासून मी गाणी लिहिते. शब्द माझे, चाल माझी, गिटार सेकंडहँड. इंटरनेटवर टाकायचे. ऐकणारे कोण? तीन मैत्रिणी आणि एक मावसभाऊ.

एकदा मैत्रिणींना हसवायला मी डोक्याला आईचा स्कार्फ बांधला आणि गेटवरची मावशी केली. कमरेत वाकून, नाकातून, रडक्या आवाजात. "बघा ना सायेऽऽब, नीट बघा नाऽऽ..." एकीने मोबाईलवर काढलं. मी स्वतःच्या हाताने ते टाकलं.

आठवडाभरात सगळीकडे मावशी. मग मावशी बसमध्ये, मावशी बँकेत, मावशी जिममध्ये. डोंबिवली स्टेशनबाहेर अनोळखी पोरं मला बघून ओरडायची, "ए मावशी, अजून काय राह्यलंय?" मी वळून हात करायचे. मला वाटायचं, आता यांना माझी गाणी ऐकवता येतील.

आईने व्हिडिओ शेजारणीच्या फोनवर बघितला. पूर्ण. फोन परत दिला. मला म्हणाली, "स्कार्फ माझा होता ना गं?" बस. नंतर मला दुसऱ्या कामवाल्यांकडून कळलं, सोसायटीतली मुलं आता आईलाच ते वाक्य म्हणायला सांगतात. आई गप्प पिशवी उघडते, गप्प बंद करते.

हे कळल्यावर मी चाल लावायला बसले की मधेच झाकण गडगडल्याचा आवाज यायचा. मग ते हसू. मी गिटार बाजूला ठेवायचे. शेवटी त्या गेटबद्दलच एक गाणं लिहिलं. आईचं वाक्य त्याच्या ध्रुवपदात घेतलं. कोणाला ऐकवलं नव्हतं.

फ्रॉक देणाऱ्या त्याच मॅडमनी आईला सांगितलं, "तुझ्या मुलीला सव्वीस जानेवारीला बोलव. झेंडावंदनानंतर छोटा प्रोग्रॅम करू." मी अट घातली, मी माझं गाणं म्हणणार. "हो गं, तुझंच म्हण," मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी गेले. आईला पहिल्यांदा माझं गाणं समोर बसून ऐकायला मिळणार होतं. मला फक्त तेवढं हवं होतं. पण आई बसली नव्हती. खुर्च्या रहिवाशांना. कामवाल्या आणि माळी मागे भिंतीला टेकून उभे.

मी गिटार लावली. दोन ओळी म्हटल्या. पुढच्या रांगेतून आवाज आला, "अगं ते नंतर! आधी मावशी!" टाळ्या. "मावशी! मावशी!" मॅडम हसत उठल्या, मागे गेल्या, आईच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि स्टेजवर आणून माझ्या हातात दिली.

"ही घे. ओरिजिनल!"

सगळे हसले. सेक्रेटरींनी वॉचमनलाही वर ढकललं. "चल रे, चेक कर हिला." तो माझ्यासमोर उभा राहिला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

पिशवी जड होती. आत डबा होता, हाताला लागला. मी मागे बघितलं. आईचे दोन्ही हात मोकळे होते. ते कुठे ठेवायचे, हे तिला कळत नव्हतं.

मी चेन लावली. पिशवी खांद्याला अडकवली. माईकवर म्हणाले, "ही माझ्या आईची पिशवी आहे. व्हिडिओत ती तुमच्यासमोर मी उघडली. आता नाही उघडणार."

"अगं, गंमत आहे!" मॅडम म्हणाल्या.

"गंमत मीच केली होती. चूक माझी. आता गाणं ऐका."

गायले. अर्ध्या खुर्च्या इडलीकडे गेल्या. संपल्यावर टाळी वाजली ती भिंतीकडून. आईने वाजवली नाही.

गेटवर तिचा हात सवयीने चेनकडे गेला. पिशवी माझ्या खांद्यावर होती. वॉचमनने काही विचारलं नाही. आम्ही बाहेर आलो.

"तीन घरं गेली माझी," आई म्हणाली. "आता उद्यापासून मॅडम बोलावणार नाहीत."

मी सॉरी म्हणाले.

"सॉरी राहू दे. गाणं बरं होतं. पण ते वाक्य तू चुकीचं म्हणतेस. व्हिडिओत पण, गाण्यात पण. रडत म्हणतेस. मी रडत नव्हते गं. मला राग आलेला. त्या सेक्रेटरीने एक पाऊल मागे घेतलेलं. तुला दिसलं नाही?"

नाही दिसलं. दहा वर्षांची असताना मी फक्त हसणारी मुलं बघितली. नंतर पदवी घेतली, गाणी लिहिली, आणि त्या मुलांच्याच कानांनी आईला ऐकत राहिले. तिला रडकी त्यांनी केली नव्हती. मी केली.

मावशीचा व्हिडिओ मी पुसला नाही. पुसला तर मी सुटले. त्याच्याखाली लिहिलंय, ही माझी आई आहे आणि ती अशी बोलत नाही. गाण्याची चाल बदलली. ते वाक्य आता वरच्या पट्टीत आहे, पूर्ण आवाजात, गिटार थांबवून. प्रत्येक कार्यक्रमात तेच पहिलं. कोणी "मावशी" ओरडलं तर पुन्हा तिथूनच सुरू करते. समोरचा एक पाऊल मागे घेईपर्यंत.