शनीला वाहिलेलं ग्रीस

“अण्णा, आता नुसतं बोट लावा,” मी म्हणालो.

अण्णांनी बोट लावलं. दुर्बीण गरकन फिरली. शनीवर रोखलेली चार फुटी नळी अर्धी गच्ची ओलांडून गेली, जाता जाता माझ्या बायकोच्या हातातल्या चहाच्या ट्रेला तिने धडक दिली आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे तोंड करून थांबली. थांबली म्हणजे मी दोन्ही हातांनी धरली म्हणून.

चहा माझ्या पायावर होता. अण्णांचं बोट अजून तसंच हवेत होतं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “मी शनी मागितला होता. तुम्ही जत्रेतला चक्री पाळणा दिलात.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. पडघ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, आणि सासूबाई गेल्यावर भिवंडीत आमच्याकडे राहायला आलेले. मी तेव्हा एका सायझिंगमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर होतो. सायझिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लूमवर कापड विणायच्या आधी उभ्या धाग्यांना खळ द्यावी लागते, नाहीतर ते पटापट तुटतात. खळीत बुडवायचे, वाफेने तापवलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून नेऊन वाळवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. हे करणारं मशीन बंद पडू न देणं हे माझं काम. हलणारी वस्तू कुरकुरली की वंगण द्यायचं, तरी कुरकुरली की बेअरिंग बदलायचं. एवढ्या ज्ञानावर माझी नोकरी व्यवस्थित चालली होती. तेच ज्ञान मी गच्चीवर नेलं.

अण्णांची दुर्बीण डॉब्सोनियन जातीची. नाव भारदस्त असलं तरी प्रकार अगदी साधा. एक लांब नळी, तिच्या तळाशी खोलगट आरसा आणि ती नळी ठेवायला लाकडी खोकं. नळी खोक्यात वर-खाली होते, खोकं खालच्या तबकडीवर गोल फिरतं. मोटर नाही, गिअर नाही, सगळं हाताने ढकलायचं. आरसा अण्णांनी स्वतः घासला होता. पाण्याच्या पिंपावर काच ठेवून, तिच्यावर दुसरी काच आणि मध्ये भुकटी, असं पिंपाभोवती प्रदक्षिणा घालत घालत घासायचं. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणायची, अण्णांनी देवळात इतक्या प्रदक्षिणा घातल्या असत्या तर देव स्वतः शनी घेऊन आला असता.

आरसा झाला, त्याला ठाण्याच्या आकाशदर्शनाच्या क्लबातून चांदीचा मुलामा करून आणला, सुताराने खोकं केलं, आणि तेवढ्यात अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे कमी होणारं नाही हेही सांगितलं.

आता अडचण अशी, की पृथ्वी फिरते. हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, पण दुर्बिणीला डोळा लावेपर्यंत त्याचा त्रास झाला नव्हता. शनी मधोमध आणून ठेवला की मिनिटभरात तो सरकत सरकत बाहेर. म्हणून बघणाऱ्यानेच बघता बघता नळी हलकेच ढकलत राहायची असते. दुसऱ्याने ढकलून भागत नाही, कारण किती ढकलायचं ते बघणाऱ्यालाच कळतं. मी अण्णांसाठी शनी लावून द्यायचो, ते वाकेपर्यंत तो कडेला गेलेला असायचा, ते हात लावायचे आणि तो गायब. स्वतः घासलेल्या आरशात त्यांनी स्वतः शनी धड पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता, शैलाने पाहिला होता, गच्चीवर वायर ओढायला आलेल्या केबलवाल्यानेसुद्धा पाहिला होता.

दुसरी अडचण भिवंडीची. आमच्या गल्लीत घराला घर लागून लूम. ते चालू असले की गच्ची बारीक थरथरते. आपल्याला ते जाणवतही नाही, पण शंभरपट मोठा केलेला शनी उकळत्या भातासारखा उडत असतो. आमच्या भागात लूमना शुक्रवारी सुट्टी. त्यामुळे आमचं खगोलशास्त्र आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी दिवेलागणीनंतर.

पहिल्या शुक्रवारी लाकडावर लाकूड होतं. ढकललं की हलायचं नाही, आणखी ढकललं की एकदम उडी मारायचं. मशीनच्या भाषेत याला स्टिक-स्लिप म्हणतात. साध्या भाषेत, अडून बसलेला बैल. मी म्हटलं, अण्णा, हे माझ्या लाइनचं काम आहे, माझ्यावर सोडा.

आणि मी खोक्याचा तळ आणि तबकडी यांच्या मध्ये ग्रीस भरलं. थोडंथोडकं नाही, कंपनीत भरतात तसं भरलं. पुढच्या शुक्रवारी उघडून बघतो तर आत नमदा, दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर, तयार झालेला. आमच्या गावात हवेत कायम सुताची बारीक लव तरंगत असते. ती आठवडाभर ग्रीसवर बसली होती. खोकं आता चिखलातल्या गाडीसारखं ओढावं लागत होतं, आणि सोडलं की थोडं मागे यायचं.

“मागे येतंय हो,” अण्णा म्हणाले. “शनीचं वक्री होणं ऐकलं होतं. खोक्याचं आज पाहिलं.”

मग मी बेअरिंग बदलायचं ठरवलं. खोक्याला मुळात बेअरिंग नव्हतंच, पण तेवढ्याने मी थांबणार नव्हतो. भंगारातून एक जुनं थ्रस्ट बेअरिंग काढलं, वजन अंगावर घेऊन गोल फिरतं तसलं. धुतलं, बसवलं. फुंकर मारली तरी खोकं फिरत होतं. आयुष्यात इतकं गुळगुळीत काम माझ्या हातून झालं नव्हतं. त्याचा निकाल वर सांगितलाच आहे. त्यात शैलाच्या दोन कपबशाही गेल्या.

बेअरिंगचा दोष असा, की त्याला अण्णांचा थरथरता हात आणि मुद्दाम दिलेला धक्का यांत फरक कळत नव्हता. दोन्हींना ते सारखाच मान द्यायचं. मी खोकं आणि तबकडी जोडणारा मधला बोल्ट आवळून पाहिला. आवळला की पुन्हा बैल, ढिला केला की पुन्हा पाळणा.

अण्णा तेव्हा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, उजवा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी जमलं तर ठीक. नाहीतर आरसा काढून क्लबला देऊन टाकतो. तिथे चांगल्या हातांचे लोक आहेत.”

शैला फुटक्या कपबशा गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. मीही पायावरचा चहा पुसत राहिलो.

तो आठवडा मी कंपनीत सगळ्यांवर ओरडत काढला. मंगळवारी मशीनच्या मागच्या बाजूला धागा लोंबायला लागला. तिथे धाग्याचे मोठे रीळ ओळीने लावलेले असतात, त्यांना बीम म्हणतात. प्रत्येक बीमवर एक दोरी टाकून तिला वजन लटकवलेलं असतं. तो त्याचा ब्रेक. ऑपरेटर सलीमभाईंनी एका बीमचं वजन काढून ठेवलं होतं.

“वजन क्यों निकाला?” मी ओरडलो.

“साब, भारी चल रहा था. फ्री कर दिया.”

“फ्री कर दिया? सलीमभाई, बीम फ्री छोडेगा तो भागेगा! थोडा रोक के ही रखना पडता है. पर रोकना एकसरीखा होना चाहिए, शुरू में भी उतना, चलते में भी उतना...”

आणि मी शेजारच्या बीमला लटकलेल्या वजनाकडे बघत राहिलो.

“बोलिए ना साब,” सलीमभाई म्हणाले. “हम सुन रहे हैं.”

हेच भाषण मी इतकी वर्षं दर आठवड्याला देत आलो होतो. सगळ्या खात्याला पाठ होतं, फक्त मलाच ते ऐकू आलं नव्हतं. खोक्याला मोकळं करायचं नव्हतंच. त्याला अडवायचं होतं, पण सारखं अडवायचं. सुरू व्हायला जितका जोर लागतो तितकाच चालत ठेवायला लागला पाहिजे. लाकडाला सुरुवातीला जास्त जोर लागतो, म्हणून ते उडी मारतं. बेअरिंगला जोर लागतच नाही, म्हणून ते पळतं.

आणि असं सारखं अडवणारी वस्तू माझ्यासमोर फिरत होती. ओला, खळीने चिकट झालेला धागा पहिल्या सिलिंडरला चिकटू नये म्हणून त्याच्यावर टेफ्लॉन चढवलेलं असतं. मी स्टोअरमध्ये गेलो. गॅस्केट कापून उरलेला जाड टेफ्लॉनचा एक तुकडा पडला होता. तो घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. न विचारता नेला असता तरी कुणाला कळलं नसतं, पण गेटवरच्या वॉचमनला समजावण्यापेक्षा शेठ सोपे.

“कर्णिक, ये क्या है?”

“टेफ्लॉन, शेठ. घरी न्यायचंय. दुर्बिणीला.”

“दूरबीन? क्या देखना है?”

“शनी.”

शेठ खुर्ची मागे सरकवून बसले. “लोग शनि से बचने के लिए तेल चढाते हैं. तुम सामने से उसको देखने जा रहे हो?”

“मी नाही शेठ, माझे सासरे.”

“अच्छा, ससुर!” शेठचा चेहरा मोकळा झाला. “तो ले जाओ, ले जाओ.”

तेल तर मी आधीच वाहिलं होतं. अर्धा डबा ग्रीस. शनीने त्याचा नमदा करून परत दिला होता.

घरी येऊन टेफ्लॉनचे तीन चौकोन कापले. तीनच, कारण तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. ते खालच्या तबकडीवर, तिच्या तीन पायांच्या बरोबर वर बसवायचे, म्हणजे वजन सरळ जमिनीत जातं. मी प्रत्येकाला भरपूर सरस लावला, वर वरवंटा ठेवला आणि झोपलो. सकाळी उचलून पाहिलं, तर तिन्ही चौकोन हातात आले.

अण्णा पेपर वाचत होते. “ज्याला काही चिकटत नाही म्हणून आणलंत,” त्यांनी पेपराआडून विचारलं, “त्यालाच चिकटवताय?”

मग बारीक खिळे मारले, टोपी आत बुडेल असे.

त्याच्यावर फिरायला खोक्याच्या तळाला सनमायका हवा. मी अर्थातच सगळ्यात चकचकीत आणला. गुळगुळीत वस्तूवर गुळगुळीत वस्तू, ह्यापेक्षा चांगलं काय असणार? पण ढकलून पाहिलं तर पुन्हा किंचित चिकटून, किंचित उडी. शैला म्हणाली, “ओट्याखालच्या कपाटाचा उरलाय तो लावून बघा. खरखरीत आहे, डाग दिसू नये म्हणून घेतला होता.” मी तिला घर्षणाबद्दल दोन शब्द सांगायला सुरुवात केली. तिने तो तुकडा आणून माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. तो लावला. खोकं लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं, आणि हात काढला त्या जागी थांबलं. घर्षणाचे दोन शब्द माझ्या तोंडातच राहिले. नळी ज्या दोन गोल कानांवर वर-खाली होते, त्यांच्याखालीही उरलेले टेफ्लॉनचे तुकडे मारले.

शुक्रवार आला. लूम बंद, गल्लीत फक्त टीव्हीचे आवाज. शनी पूर्वेला बराच वर आला होता. मी तो मधोमध आणला आणि बाजूला झालो. या वेळी “नुसतं बोट लावा” वगैरे काही बोललो नाही. शैला ट्रे घेऊन जिन्याच्या दारातच उभी राहिली.

अण्णा वाकले. डोळा लावला. उजवा हात उचलून नळीवर ठेवला.

मी जवळच होतो. हात नेहमीसारखाच थरथरत होता, खरं म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच. बोटं नळीच्या पत्र्यावर बारीक वाजत होती. मी मनात क्लबचा पत्ता आठवायला लागलो. पण नळी जागची हलली नाही. ती थरथर खोक्यापर्यंत जाऊन तिथे जिरत होती. मग अण्णांनी सावकाश जोर दिला, आणि नळी केसभर सरकली. थांबली. पुन्हा केसभर.

असं पाच-सहा वेळा झालं. मला राहवेना.

“अण्णा, गेला का?”

“कुठे जाईल?” ते म्हणाले. “मी धरलाय.”

थोड्या वेळाने म्हणाले, “कड्याच्या आत काळी फट आहे हो. कडं वेगळं, गोळा वेगळा. चित्रात मी पोरांना कायम जोडून काढायला लावलं.” मग हसले, आणि डोळा न काढताच डाव्या हाताने आम्हाला लांब व्हायची खूण केली. चहा गार झाला. शेजारचे चादरी काढायला आले, काय चाललंय म्हणून उभे राहिले. त्यांनाही पाळी मिळाली नाही.

आरसा क्लबला गेला नाही. पुढे दोन हिवाळे अण्णांनी त्याच खोक्यावर काढले. मी त्यातून शिकलो ते एवढंच, की अडून बसणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेलच लागतं असं नाही. काही ठिकाणी अडवणंच बरोबर असतं, फक्त ते कमी-जास्त होता कामा नये. कंपनीत मी हे नव्या सुपरवायझरांना सांगतो. ते मान डोलावतात आणि ग्रीसचा डबा घेऊन जातात.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी जरा खुशीत होतो. टेफ्लॉन, सनमायका, अण्णांची थरथर खोक्याने कशी गिळली, हे सगळं शैलाला नीट समजावून सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ती ओटा पुसत होती. माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“बघितलंत ना?” ती म्हणाली. “आज अण्णांचा हात जराही थरथरला नाही. आणि तुम्ही महिनाभर त्या बिचाऱ्या खोक्याच्या मागे लागला होतात.”