वाकवून बघितलेली सळई

आमच्या लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात काँक्रीटचे बीम मशीनवर घालून मोडून बघतात. त्या बीममधल्या सळया बांधतात मुरुडचे व्यंकटराव. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावांत लोखंड बांधण्यात त्यांचं तरुणपण गेलं. मी मशीन चालवतो, म्हणून त्यांच्या सगळ्या सवयी मला पाठ. नवा माल आला की ते एक सळई पान्यात धरून वाकवणार. वाकली आणि तडकली नाही, तरच माल खरा.

महामाया मॅडम हिमायतनगरच्या, पीएच.डी. करणाऱ्या. काही सळया लोखंडाच्या, काही फायबरच्या घातल्या तर बीम मोडण्याआधी किती वाकतो, हे त्यांना बघायचं होतं. "काका, फायबर गंजत नाही, पण वाकवायचं नाही, तडकतं," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. सळया मोजून आलेल्या, जादा एकही नव्हती.

शेवटच्या बीमच्या वेळी मात्र व्यंकटरावांना राहवलं नाही; फायबरची एक सळई त्यांनी पान्यात धरून वाकवलीच. पान्यातून सुटून सळई सरळ झाली, पण मधोमध पांढरी रेघ उमटली. ती बाजू खाली करून त्यांनी बांधून टाकली. हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

बीम ओतल्यावर पुढचे अठ्ठावीस दिवस ते त्या बीमवरचं गोणपाट भिजवत राहिले. जेवणाचा डबा उघडायचे, तसाच बंद करायचे. मी तब्येत विचारली तर माझ्यावरच खेकसले.

चाचणीच्या सकाळी मी बटणावर हात ठेवला, तोच ते आडवे आले.

"थांबा. ह्यातली एक सळई तडकलेली हाय. म्याच वाकवून बघितली. सांगायची हिंमतच झाली न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला. आठ दिवसांनी प्रबंध द्यायचा होता. मला म्हाताऱ्याचा संताप आला आणि त्याच क्षणी दयाही आली.

"काका, ओतायच्या आधी सांगायचं ना," मॅडम म्हणाल्या.

"हाव. चुकलंच."

"चालवा मशीन," मॅडम मला म्हणाल्या.

मधेच फाडकन आवाज झाला. फायबर गेलं. लोखंडी सळयांनी मात्र तग धरला. बीम भेगा दाखवत हळूहळू वाकत गेला. मॅडमनी त्या बीमचा आकडा तक्त्यातून काढला, महिनाभराची मुदत मागितली आणि नव्या बीमसाठी नांदेडहून फायबरची एक सळई आणवली.

"दुसरा माणूस बघा, मॅडम."

"तुम्हीच बांधा. दुसऱ्यानं हे सांगितलंच नसतं."

बांधायला बसण्याआधी व्यंकटरावांनी तीस वर्षांचा तो पाना माझ्या हातात दिला.

"बीम ओतेपर्यंत तुझ्याजवळच असू दे," ते म्हणाले.