मामीचा जांभळा दगड

आमच्या मामांइतका दगडांवरून भांडणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा नसेल. स्वतःला कोणी फसवलं तर एक वेळ ते सोडून देतील, पण काच स्फटिक म्हणून विकलेली दिसली की त्यांचं डोकं फिरतं. अ‍ॅमेथिस्ट हा त्यांचा खास विषय. "जांभळी गारगोटी हा ती, रत्नबित्न काय नाय," असं म्हणत ते समोरच्याची अंगठी काढून घेऊन सरळ ओठाला लावतात. गारगोटी ओठाला गार लागते, काच तेवढी लागत नाही. मग भिंगातून आतले बुडबुडे शोधतात. तरी शंका उरलीच तर त्याच खड्याने यजमानांच्या खिडकीवर रेघ ओढतात, कारण खऱ्या गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. सोसायटीतल्या निम्म्या खिडक्यांवर मामांच्या रेघा आहेत. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी भटजींची स्फटिकाची माळ ओठाला लावून "काच हा, भटजीनू" असं जाहीर केलं आणि पूजा खोळंबली. मी इतका चिडलो होतो की आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

फक्त एका दगडाची परीक्षा मामांनी कधी घेतली नाही. मामीने जोगेश्वरीच्या गुंफांबाहेर एका फेरीवाल्याकडून मुठीएवढा जांभळा दगड घेतला होता. मामा तो हातात न घेताच ओरडले, "काचच हा ती. फसवल्यान तुका." मामीही काही कमी तापट नव्हती. तिने दगड गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि बजावलं, "हेका तुम्ही हात लावचो नाय." त्यावरून दोघं शेवटपर्यंत धुसफुसत राहिली. मामी गेली, तरी मामांनी त्याला हात लावला नाही.

परवा गेलो तर दगड जवळजवळ पांढरा पडला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामा, अ‍ॅमेथिस्ट उन्हात विटतो हे तुम्हीच शिकवलंत ना? काच अशी विटत नाही. म्हणजे मामीचा दगड खरा होता, आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"दिसत होतं रे मेल्या," मामा खेकसले. "आत आणायचा तर हात लावायला लागतो ना." मग त्यांचा आवाज उतरला. "तू उचल. तुका बंदी नाय."

मी दगड उचलून आत आणला.

"गार लागतो?" त्यांनी हळूच विचारलं.

दिवसभर उन्हात तापलेला दगड चांगलाच गरम होता. "गार आहे, मामा," मी म्हटलं.

दगडाच्या बाबतीत मामांनी वाद घातला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.