लॅपटॉपमधली पाल

माझ्या सूनबाईच्या लॅपटॉपमध्ये पाल होती. मी स्वतःच्या कानांनी ऐकली, आणि माझ्या कानांवर मी अजून कोणाला शंका घेऊ दिलेली नाही.

नातीचं लग्न होतं. तिची काकू वर्षा, म्हणजे आमची धाकटी सूनबाई, घरीच अहिराणी गाणी तयार करते. तिच्या डोक्यात आलं, लग्नाच्या गाण्यात आबांची, म्हणजे माझी, हाळी घालायची. हाळी म्हणजे ज्वारी दाण्यावर आली की मचाणावर उभं राहून पाखरं उडवायला मारायची ती आरोळी. "होऽऽ!" मी लोणखेड्यात हाळी दिली की म्हसावदची पाखरं उडायची! (अंतर मला विचारू नका, पाखरांना विचारा.) आणि नवरदेव नेमका म्हसावदचा! व्याह्यांना मी फोनवर सांगून मोकळा झालो, "मांडवमा मन्हा आवाज ऐका, मंग समजी तुमले लोणखेडं काय शे ते!"

आता माघार नव्हती. वऱ्हाड दुपारी येणार, आणि गाणं सकाळी अर्धवट!

मी माइकपुढे उभा राहून हाळी दिली. सूनबाईने तिचा एक तुकडा कापला, तोच पुन्हा पुन्हा जोडला आणि ऐकवला. होऽऽ टक! होऽऽ टक! होऽऽ टक!

"थांब!" मी ओरडलो. "पाल चुकचुकनी!"

आणि लगेच टेबलावर बोटाने टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. ऐन लग्नाच्या दिवशी पाल बोलली, तर असं केल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

"आबा, ती पाल नही शे. तो क्लिक शे."

"पालनं नाव क्लिक कव्हय पडनं?"

सूनबाई काही सांगणार, तोवर मी लॅपटॉप उचलून उलटा झटकला. त्यातून शेवेचे चार तुकडे पडले. पाल नाही! आवाज ऐकून आमची म्हातारी झाडू घेऊन आली.

"त्यामा वीज ऱ्हास," ती म्हणाली. "शॉक लागीसन मरी गयी व्हई बिचारी."

"मरी गयी, तर बोली कशी ऱ्हायनी?"

तिच्याकडे उपाय तयार होता. मोरपिसाला पाल भिते, म्हणून तिने देवघरातलं मोरपीस आणून लॅपटॉपच्या बटणांवर आडवं ठेवलं. पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. म्हातारीने हात जोडले!

सूनबाईने पीस बाजूला केलं आणि मला पुन्हा माइकपुढे उभं केलं. मी हाळी दिली, आणि खबरदारी म्हणून लगेच टकटक, कृष्ण कृष्ण. परत हाळी, परत टकटक. तिने कानावरचे हेडफोन काढले.

"आबा, आते ही टकटक तुमनी शे!"

"मन्ही टकटक त्या टकटकवर उतारा शे!"

तिने डोक्याला हात लावला. मग खुर्ची ओढून म्हणाली, "बठा आठे. दखा."

आणि मी पाहिलं. पडद्यावर माझा आवाज होता! ऐकू येणारा नव्हे, दिसणारा! आधी नुसता एक काळा पट्टा. तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला, तसे त्यात डोंगर उगवले, दऱ्या पडल्या. एका "हो"मध्ये अख्खा सातपुडा! मी आयुष्यभर हाळ्या दिल्या, पण घशातून हे एवढं बाहेर पडत होतं, याचा पत्ता पाखरांनीसुद्धा लागू दिला नाही. मी नकळत डोक्यावरची टोपी काढली. (म्हातारी म्हणाली, "सोतानाच पाया पडतस का आते?")

मधोमध एक आडवी रेघ होती.

"हाई शून्य," सूनबाई म्हणाली.

"वळखस मी. शाळामा माले तेच भेटे."

"मी घाईमा तुमना आवाज डोंगरना माथावर काप्या. एक तुकडा वर सरना, दुसरा खाले सुरू व्हयना. मधमा उडी पडनी. ती उडी म्हणजे टक. भरेल पाटले एकदम फावडं मारं, तर पाणी कसं उसळस?"

हे मात्र मला समजलं. शेताला पाणी भरण्यात माझा जन्म गेला! आवाज रेघेवर उतरतो, तिथेच तिने कापला. शिवाय टोकांना इवलासा उतार दिला, बांधाला देतात तसा. मग वाजवला. होऽऽ होऽऽ होऽऽ! सांधा कुठे, कापलं कुठे, काही कळेना. लोण्यातून केस काढावा तशी पाल निघून गेली होती! शून्याची एवढी किंमत मास्तरांनी तेव्हा सांगितली असती, तर मी मान वर करून घरी आलो असतो.

तेवढ्यात, तुकड्यांनंतरच्या अख्ख्या हाळीच्या ऐन मध्यभागी : टक!

"दख!" मी उडालोच. "मी काय सांगी ऱ्हायंतू!"

सूनबाई वाकली. तिने मोठं करून पाहिलं. "आठे तर मी कापंच नही," ती पुटपुटली. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आबा, राग नका मानू. जरासं तोंड उघाडा."

मी उघडलं. वरची कवळी खाली आली : टक!

म्हातारी झाडू टाकून भिंतीला टेकून हसत बसली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. "होऽऽ" म्हणायला दात लागत नाहीत. दोन्ही कवळ्या काढून मी अशी हाळी दिली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पालीचा मागमूस नाही! पेनड्राइव्ह डीजेवाल्याकडे पोचला, आणि वऱ्हाड आलंच.

मांडवात माझा आवाज घुमला. पोरं नाचली, नवरदेव नाचला, व्याही तर वाकून वाकून नाचले! पंगतीत त्यांनी मला मुद्दाम शेजारी बसवलं.

"व्याहीबुवा, काय आवाज! या उमरमा इतला दम! बत्तीस दात शाबूत शेतस, म्हणीसनच!"

मी तोंड मिटून मान डोलावली. त्यांनी वाढप्याला हाक मारली, आणि वरणात चुरून खायचा तो कणकेचा भाजका गोळा, त्याच्या परातीतली सगळ्यात कडक बट्टी, माझ्या हातात दिली. "चुरू नका हो, अशीच खा! दातवालास्नी अशीच खावानी!"

माझे दात तेव्हा सूनबाईच्या टेबलावर होते, माइकशेजारी.